लिटरला बत्तीस

दाजींची गाडी इस्पितळाच्या अठरा किलोमीटर अलीकडे बंद पडली. बिघाड काही नव्हता. पेट्रोल संपलं होतं, बस्स. सकाळचे दहा, ऊन वर आलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि अकराला मशीन राखून ठेवलेलं. आठवड्यातून दोनदा दाजींचं रक्त त्या मशीनमधून धुऊन निघायचं, कारण दोन्ही मूत्रपिंडांनी वर्षापूर्वीच राजीनामा दिला होता. ताई गाडीतून उतरली, आधी मागं बघितलं, मग पुढं बघितलं, आणि धाकट्या भावाला फोन लावला.

"अरे, गाडी थांबली."

"थांबली म्हणजे?"

"थांबली म्हणजे थांबली! काटा तळाला बसलाय. तू तर म्हणतोस लिटरला बत्तीस."

धाकटा भाऊ त्या वेळी मोटार कंपनीच्या ट्रॅकवर, नव्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. काय सांगणार? ते बत्तीस त्याचंच होतं.

त्याला सगळे कापूस म्हणायचे. बायकोसुद्धा. कंपनीत त्याचं काम एकच, गाडी चालवायची आणि कमीत कमी पेट्रोलात जास्तीत जास्त लांब न्यायची. पंधरा वर्षं तो हेच करत होता. त्याच्या पायाखाली पेडल दाबलं जातंय की नुसतं विचारलं जातंय, हे शेजारी बसलेल्याला कळायचं नाही. त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं तेच मुळी वाळलेलं पान पेडलवर ठेवून. पान पेडलला चिकटवायचं, त्यावर पाय, आणि ट्रॅकचे दहा फेरे. पान चुरलं की उस्ताद मागच्या सीटवरून टपली मारायचा. सहा महिने टपल्या खाल्ल्या, मग पान चुरायचं बंद झालं. तेव्हापासून कापूस.

आणि बत्तीस कसं निघालं तेही ऐकून ठेवा. चाचणीच्या गाडीचं मागचं सीट काढलेलं. स्टेपनी काढलेली. आरसे मिटलेले, दारांच्या फटींना चिकटपट्ट्या, टायरात एवढी हवा की टिचकी मारली तर टणकन वाजावं. इंजिनात पाण्यासारखं पातळ ऑइल. वारा पडलेली पहाट बघायची, इंजिन आधी तासभर तापवून घ्यायचं, आणि मग अनवाणी कापूस आत बसायचा. पंचेचाळीसचा वेग, ना एक जास्त ना एक कमी, ब्रेकला हात नाही की पाय नाही. काचेच्या नळकांड्यातून मोजलेलं पेट्रोल. बत्तीस! दुसऱ्या महिन्यात चौकाचौकात फलक लागले. फलकावर गाडी, शेजारी एक पीस, आणि खाली बत्तीसचा आकडा माणसाएवढा. खोटं कुणी बोललं नव्हतं. खरं कुणी विचारलं नव्हतं.

दाजींनी ती गाडी घेतली ती मेहुण्याच्या आकड्यावर. "घरचा आकडा आहे," असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले होते. कापूस गालातल्या गालात हसला होता. रोजच्या रस्त्यावर ही एकवीस देते, फार तर बावीस, हे त्याला माहीत होतं. पण पेट्रोल मिळत होतं तोवर कोण मोजतंय?

मग लढाई लागली. दूर, समुद्रापलीकडे, दुसऱ्यांचीच. आपलं काय त्यात, असं लोक दोन दिवस म्हणाले. तिसऱ्या दिवशी पंपांवर रांगा लागल्या. तेल सगळं बाहेरून यायचं, आणि ते यायची समुद्रातली वाट एवढीशी, सुईच्या नेढ्यासारखी. त्या वाटेवर तोफा डागायला सुरुवात झाली. तेलाच्या बोटी राखायला नौदल निघालं, आणि नौदलाबरोबर ताईचा मुलगाही निघाला. एकुलता एक. जाताना आईला म्हणाला, "अगं, तेलवाल्यांची पाठराखण करायची, एवढंच. लग्नातल्या करवलीचं काम."

सरकारनं पेट्रोलला कूपन लावलं. नियम कुणा हुशार माणसानं काढलेला. ज्याला गाडी लागतेच, म्हणजे आजारी माणूस, डॉक्टर, सुईण, त्याचे आठवड्याचे किलोमीटर मोजायचे, गाडीच्या दाखल्यावरच्या आकड्यानं भागायचे, तेवढे लिटर द्यायचे. कमी पिणाऱ्या गाडीला कमी. वाजवी वाटतं की नाही? दाजींचं इस्पितळ अठ्ठेचाळीस किलोमीटर. जाऊन येऊन शहाण्णव. आठवड्यातून दोनदा म्हणजे एकशे ब्याण्णव. भागिले बत्तीस. सहा लिटर.

पहिले दोन आठवडे टाकीतल्या जुन्या पेट्रोलानं झाकून नेलं. तिसऱ्या आठवड्यात आकड्यानं आपले दात दाखवले.

त्या दिवशी दाजींना एका दूधवाल्यानं टेम्पोत घातलं आणि घरी आणून सोडलं. मशीन चुकलं ते चुकलंच. एसटी आता दिवसातून एकदाच, तीही संध्याकाळची. डिझेल सगळं फौजेला.

दुसऱ्याच दिवशी कापूस रजा टाकून दाजींना रेशन कचेरीत घेऊन गेला. खिडकीतल्या कारकुनानं कागद बघितला, दाजींच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"बत्तीसची गाडी आहे काका. सहा लिटर बरोबर आहेत."

"रस्त्यात थांबली हो," कापूस म्हणाला.

"मग चालवायला शिका. दाखला सरकारी आहे. सरकारी दाखला रस्त्यात थांबत नाही, माणूस थांबतो."

"आणि गाडी तेवढं देतच नसेल तर?"

"अहो, सगळे हेच म्हणतात. या गाडीवाल्यांनी तर डोकं उठवलंय." कारकुनानं मागच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर फलक होता. एक सैनिक, एक पेट्रोलचा थेंब, आणि खाली मोठ्या अक्षरांत: थेंब वाचवा, जवान वाचवा. "ते वाचा जाता जाता."

दाजींनी ते वाचलं. एकदा नाही, दोनदा वाचलं. कापसानं त्यांच्या कोपराला धरलं तेव्हा ते म्हणाले, "चला मेहुणे. चूक आपली आहे. माझा पायच जड."

कापूस तिथंच बोलायला हवा होता. बोलला नाही. रांगेत मागं वीस माणसं उभी होती, आणि खांद्यावर कंपनीचं जाकीट होतं. घरी जाईपर्यंत त्यानं शर्टाचं एक बटण ओढून ओढून तोडलं.

म्हणाला, "पुढच्या खेपेला मी चालवतो."

आणि चालवली. मंगळवारी सकाळी साडेनऊला निघाले. कापसानं बूट काढले, काचा वर केल्या, कारण उघड्या काचेतून वारा शिरला की गाडी मागं ओढली जाते. एसी बंद. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. दाजी पुढच्या सीटवर घामानं निथळत होते, ताई मागून इस्पितळाच्या फायलीनं वारा घालत होती.

"अरे, माणसं शिजतायत आत," ताई म्हणाली.

"जरा दम काढ. उतार आला की काच उघडतो."

"उताराला लग्नाची तारीख आहे का?"

"गप गं," दाजी म्हणाले. "त्याला काम करू दे. बघ, बघ कसा पाय ठेवतो. मला असं कधी जमलं नाही."

मागं एक ट्रकवाला पंधरा मिनिटं हॉर्न वाजवत होता. शेवटी तो शेजारून गेला आणि मान बाहेर काढून ओरडला, "काका, बैल जुंपा की!" कापूस हलला नाही. पंचेचाळीस. प्रत्येक वळण आधीच ओळखायचं, ब्रेक लावायची वेळच येऊ द्यायची नाही, चढाच्या आधी श्वास धरावा तसा वेग धरून ठेवायचा. पंधरा वर्षांत एवढ्या जिवापाड त्यानं एकही फेरा मारला नव्हता. ट्रॅकवर हरला तर साहेबाच्या भुवया वर जायच्या. इथं शेजारी माणूस बसलेला.

इस्पितळात पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. वाटेत तासभर फौजेच्या ट्रकांचा ताफा आडवा जात होता, लिटरला चार देणाऱ्या ट्रकांचा, एकामागून एक साठ. सिस्टरनं घड्याळ दाखवलं. "चार तासांचे तीनच मिळतील काका. पुढचा पेशंट बसलाय."

संध्याकाळी घरी आल्यावर कापसानं टाकीत मोजपट्टी सोडली, हिशेब केला, पुन्हा केला. सत्तावीस. त्याच्या पायानं, काचा बंद करून, म्हातारा माणूस शिजवून, मशीनचा एक तास घालवून सत्तावीस. त्यालाही सात लिटरांच्या वर लागत होतं. जिथं कापूस पुरा पडत नाही तिथं दाजी काय करणार?

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिना. जेवताना मध्येच उठायचा. बायको म्हणाली, "पायात भिंगरी बसवलीय का कुणी?" ट्रॅकवर फेरा मारताना आकडा यायचा तो त्याला बघवायचा नाही. आणि त्यातच साहेबानं बोलावलं. साहेब म्हणजे चाचणी खात्याचा मुख्य. कापसाला पाहुण्यांसमोर पहिलवानासारखा मिरवणारा.

"सरकारची बाई येतेय पुढच्या सोमवारी. आपल्या गाडीवर तक्रारी गेल्यात. चारशे. डॉक्टर काय, पेशंट काय, म्हणे पेट्रोल पुरत नाही. तिच्यासमोर फेरचाचणी करायची. तू बस, एक फुंकर घाल, बत्तीस काढ आणि चारशेच्या चारशे घरी पाठव."

"आणि नाही निघाले तर?"

साहेब हसला. "तुझ्या पायाला? हे बघ, पंचविसाच्या खाली गेलं तर गाडी बंद. ही सगळी लाइन फौजेचे ट्रक जोडायला जाईल. लाइनवरच्या पोरांचं काम जाणार नाही, पण माझं जाईल. तुझंही. ट्रकला मायलेज कोण विचारतो?"

कापूस "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? बाहेर येऊन त्यानं नळाखाली डोकं धरलं.

गुरुवारी दुपारी तो ताईकडे गेला. गाडी दारात उभी होती. मागचं सीट नव्हतं. ते व्हरांड्यात भिंतीला टेकवलेलं, शेजारी स्टेपनी, जॅक, पायपुसणी, ताईची छत्रीसुद्धा. आणि चालकाच्या जागेवर दाजी. गाडी बंद, दाजी अनवाणी, कपाळावर आठ्या. पाय हळूच खाली जायचा, वर यायचा.

कापूस खिडकीशी वाकला. "दाजी, काय चाललंय?"

"श्श." मग खाली चर्रकन आवाज झाला. दाजींनी पाय उचलला. पेडलवरून वाळलेल्या पानाचा चुरा खाली पडला. "गेलं. अकरावं." शेजारच्या सीटवर प्लास्टिकची पिशवी होती, वाळलेल्या पानांनी गच्च भरलेली. "तुम्हीच सांगितलं होतं ना आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, उस्तादाची गोष्ट. म्हटलं करून बघू. सहा महिने लागतात म्हणालात. पण तुम्ही तेव्हा कोवळे होतात. मला जास्त लागतील."

पाय असे सुजले होते की घोट्याचं हाड कुठं आहे ते दिसत नव्हतं.

"आज गुरुवार," कापूस म्हणाला. "आज मशीन होतं तुमचं."

"आता आठवड्याला एकदाच जायचं ठरवलंय. सहा लिटरात एक खेप होते, वर उरतंसुद्धा."

मागून ताई आली. हातात पाण्याचा अर्धा पेला. दाजींना पाणीही मोजूनच. "सांग रे तूच. मला म्हणतात तू येऊ नकोस, तुझं वजन चोपन्न किलो. तीस वर्षांत पहिल्यांदा माझं वजन विचारलं, ते ह्याच्यासाठी."

"दाजी, बाटलीतून मिळतं थोडं चौकात. मी आणतो."

"काळ्यातलं?" दाजी पहिल्यांदाच तडकले. त्यांनी फोन काढून कापसाच्या हातात दिला. पोराचा निरोप होता, सकाळचा. आम्ही ठीक. पुढच्या बोटीला लागलं. अजून जळतेय. काळजी नको. "वाचलंत? तेलाची बोट ती. ते आपल्या पंपावर यायचं होतं. आणि मी इथं पाय जड म्हणून ते रस्त्यावर सांडतोय. बत्तीस देणाऱ्या गाडीचं मी एकवीस करतो. अकरा किलोमीटर दर लिटरला! पोराला काय तोंड दाखवू?"

कापूस गाडीचं दार उघडून खाली फरशीवरच बसला.

"दाजी, तुमच्या पायाला काही झालेलं नाही."

"हे काय, सुजलाय की."

"तसं नव्हे हो. जड नाही. ही गाडी बत्तीस देतच नाही. माझ्या हातूनसुद्धा देत नाही. त्या दिवशी मी मोजलं, सत्तावीस आलं, आणि तुम्हाला सांगितलं नाही." आणि मग त्यानं सगळं ओकलं. सीट, चिकटपट्ट्या, हवा, पातळ ऑइल, वारा पडलेली पहाट. "एकवीस बरोबर आहे. सगळ्यांना एकवीसच येतं. तुम्ही चांगली चालवता."

ताईच्या हातातला पेला तिथल्या तिथं राहिला. दाजींनी पिशवीकडे बघितलं.

"म्हणजे मी इतके दिवस स्वतःला शिव्या घालतोय."

"हो."

"आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

"हो."

"कचेरीतसुद्धा."

कापूस पेडलखालचा चुरा गोळा करायला लागला.

दाजींनी पिशवी उचलली आणि खिडकीतून भिरकावली. ती लांब जायचीच नव्हती. दोन पावलांवर फुटली आणि पानं अंगणभर झाली. मग ते हसायला लागले. हसताना धाप लागली, ताईनं पाठीवर हात ठेवला. "अगं, ऐकलंस? मला वाटलं गाडीला मी आवडत नाही!"

"तुम्हाला हसू कसं येतंय?" ताई भावाकडे बघत म्हणाली. तिच्या बघण्यात हसू नव्हतं. "तू माझ्या हातचं खातोस, आणि माझ्या नवऱ्याला तुझा आकडा खरा वाटू देतोस?"

"ताई..."

"ताई नको म्हणू आता. काय करणार आहेस ते सांग."

त्यानं सोमवारचं सांगितलं. सरकारी बाईचं, साहेबाचं, लाइनचं.

दाजी लगेच गंभीर झाले. "हे बघा मेहुणे, नोकरी घालवू नका. आणि माझ्यासाठी जास्त मागू तर मुळीच नका. नऊ मिळाले काय, सहा मिळाले काय, प्रत्येक लिटर त्याच वाटेनं येतं. पोरगा उभा आहे तिथं."

"अहो, मशीन चुकलं तर तुम्ही दोन दिवसांत..." ताईनं वाक्य तिथंच सोडलं. आत निघून गेली. आतून भांडी जोरात ठेवल्याचे आवाज आले.

कापूस सायकलवरून घरी निघाला. गाड्यांच्या कारखान्यातला माणूस, जन्मभर सायकलच. स्वतःचं घर मागं टाकून तो दोन चौक पुढं गेला तेव्हा कुठं ते त्याच्या लक्षात आलं.

सोमवारी ट्रॅकवर सगळे झाडून हजर. सरकारी बाई पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, काखेत नियमांचं जाडं पुस्तक. गाडी नेहमीसारखी सजवून उभी: सीट नाही, पट्ट्या लावलेल्या.

"मागचं सीट कुठाय?" बाईंनी विचारलं.

"चाचणीला काढतो मॅडम," साहेब म्हणाला. "नियमात मनाई नाही."

"मग मी कुठं बसू? चाचणी माझ्यासमोर व्हायचीय. ट्रॅकबाहेरून मला धूळ दिसेल नुसती."

साहेबानं पोरांकडे बघितलं. सीट आलं. सीट आलं तसं कापूस पुढं झाला आणि दाराच्या फटीवरची पट्टी सोलायला लागला.

"काय करतोस?" साहेब दातांतून म्हणाला.

"मॅडम बसणार तर दार उघडायला नको?"

एक पट्टी निघाली तशी दुसरी काढली, मग तिसरी. आरसे उघडले. हवेचा नळ घेऊन टायरांतली जादा हवा सोडली. फुस्स, फुस्स. प्रत्येक फुस्सबरोबर साहेबाचा चेहरा उतरत होता, पण बाई शेजारी उभ्या, बोलणार काय? स्टेपनी स्वतःच उचलून डिकीत टाकली.

"मॅडम, पुस्तकात चालवणारा कसा हवा ते लिहिलंय का?" कापसानं विचारलं.

बाईंनी पानं उलटली. "सर्वसाधारण चालक."

"म्हणजे माझ्यासारखा नको." तो साहेबाकडे वळला. "साहेब, तुम्ही रोज गाडी चालवता. सर्वसाधारण आहात. तुम्ही बसता का?"

पोरं खोकायला लागली. साहेब बसला नाही. स्वतःच्या हातानं तो आकडा काढायची त्याची छाती नव्हती. "तूच चालव," म्हणाला. "आणि नीट चालव."

कापूस बसला. बूट पायातच ठेवले. मागं बाई, शेजारी मोजमापवाला, एसी चालू. आणि मग त्याला कळलं, वाईट चालवणंही सोपं नसतं. पाय आपोआप हलका व्हायचा. वळण आलं की पाय आधीच सुटायचा, पंधरा वर्षांची खोड. त्यानं डोळ्यांसमोर दाजींना आणलं. दाजी कसे निघतात? चौकात सिग्नल सुटला की जरा घाई, मागचा ओरडेल म्हणून. ताई म्हणते हळू, मग जरा हळू. पुढं कुत्रं दिसलं की लांबूनच ब्रेक. कापसानं तसंच चालवलं. नसलेल्या सिग्नलला थांबला, नसलेल्या कुत्र्याला ब्रेक लावला. हाताला घाम सुटला. चाळीस किलोमीटर झाले तोवर त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"झोपेतसुद्धा अशीच चालवते मी," बाई मागून म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला वाटतं मला येत नाही."

मोजमापवाल्यानं नळकांडं उजेडात धरलं. पुन्हा धरलं. "एकवीस पूर्णांक सहा."

बाईंनी लिहिलं, सही केली, मोजमापवाल्याची घेतली. साहेबानं सही केली तेव्हा कागद फाटायचा राहिला. बाई गेल्यावर तो कापसासमोर येऊन उभा राहिला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही.

"पाय दुखत होता का रे?"

"नाही साहेब."

"उद्यापासून स्टोअरला जा. नट मोज." आणि दोन पावलं जाऊन वळला. "पंधरा वर्षं तुला मी डोक्यावर घेतलं."

"घेतलंत," कापूस म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

नवा आकडा कूपनांवर चढायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत दाजी दोनदाच इस्पितळात गेले, एकदा ताईनं शेजाऱ्याच्या पाया पडून गाडी मागितली म्हणून. दम एवढा लागायचा की उशा लावून बसूनच राहायचे. कापूस स्टोअरमध्ये नट मोजायचा आणि दर तासाला फोन करायचा. "आहेत का?" असं विचारायचा. ताई म्हणायची, "आहेत. कुठं जाणार, पेट्रोल कुठाय?"

नवं कूपन आलं त्या सकाळी तिघं पंपावर रांगेत लागले. दाजी स्टिअरिंगवर. कापूस चालवतो म्हणाला तर ताईनंच त्याला हटवलं, "बाजूला बस. मला अकराला पोचायचंय." रांग मोठी होती, लोक कावलेले. पंपवाल्यानं कूपन घेतलं, आकडा वाचला, नळी टाकीत घातली.

"नऊ लिटर."

मीटर फिरायला लागलं. दाजी खिडकीतून मान काढून मीटरकडेच बघत होते. एक, दोन. पंपाच्या खांबावर तोच फलक, थेंब आणि सैनिक. चार. पाच. पोराचा तीन दिवस निरोप नव्हता. सकाळी रेडिओवर सांगितलं होतं, आणखी एक ताफा निघालाय, आठ बोटी.

"बास," दाजी म्हणाले. "सहा झाले. बास."

पंपवाला थांबला. "काका, नऊ आहेत की तुमचे."

"बास म्हटलं ना."

"चालू ठेव रे," कापूस म्हणाला.

"मेहुणे, तुम्ही मध्ये पडू नका. माझं कूपन आहे. मला सहा पुरतील, कसंही करून पुरवीन."

"कसे पुरवाल? आता तरी कसे पुरवाल?"

"एकदा कमी जाईन."

मागचे हॉर्न वाजवायला लागले. एकजण ओरडला, "अहो, प्यायचंय का आंघोळ करायचीय? आटपा!" पंपवाला नळी धरून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

ताई मागच्या सीटवरून पुढं वाकली. तिनं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात ठेवला म्हणजे दाबला.

"तो तिकडे कुणासाठी उभा आहे?"

दाजी मीटरकडेच बघत राहिले.

"मी विचारते, कुणासाठी? फौजेच्या ट्रकांसाठी? लोकांना फिरायला जाता यावं म्हणून? तो परत येईल आणि विचारेल, बाबा कुठायत. मी काय सांगू? तीन लिटर वाचवले म्हणून?"

"अगं, पण त्याच्या जिवावर..."

"त्याच्या जिवावर तर आहेच. मला कळत नाही का? मी त्याची आई आहे. दोघांतला एक निवडायला मला लावू नका. मी निवडणार नाही. भर रे बाबा तू. नऊ."

पंपवाल्यानं दाजींकडे बघितलं. दाजींनी मान आत घेतली आणि समोर बघत बसले. मीटर पुन्हा फिरायला लागलं. सात. आठ. दाजींनी डोळे मिटून घेतले होते. नऊला नळी निघाली, झाकण लागलं.

"दहा वाजून गेले," ताई म्हणाली. "चला आता."

दाजींनी गाडी चालू केली आणि सुजलेला पाय जोरात दाबला. गाडी हिसका देऊन निघाली.